जुनी, छोटी बोट की नवीन अवाढव्य क्रूझ? (आई-बाबा आणि मुलं बरोबर)

देवगडकर:

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, जरा सविस्तर लिहितोय.

येत्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे मेरीलँडला येतायत. बाबांची पंचाहत्तरी आहे आणि या वेळी नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क असं नेहमीचं न करता सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं असं बायकोने आणि मी ठरवलंय. बाबांचं लहानपण कोकण बोटीतलं, म्हणजे देवगडला बोट लांब नांगरून उभी राहायची, मग सामानसुमान घेऊन पडावातून तिच्यापर्यंत जायचं, वर चढायचं, डेकवर जागा धरायची आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, हे त्यांच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलांनाही पाठ झालंय. त्यामुळे त्यांना समुद्र भरपूर दिसला पाहिजे ही माझी पहिली अट.

पर्याय दोन आहेत. एक म्हणजे बाल्टिमोरहून सुटणारी रॉयल कॅरिबियन कंपनीची व्हिजन ऑफ द सीज. १९९८ ची बोट, दोन हजारांच्या आसपास प्रवासी, बर्म्युडाला जाते, घरापासून पाऊण तासावर धक्का, गाडी तिथेच लावायची आणि चढायचं. दुसरा म्हणजे विमानाने फ्लोरिडाला जाऊन त्याच कंपनीची आयकॉन ऑफ द सीज किंवा तिच्यासारखी एखादी. ही २०२४ ला सुरू झालेली, वीस डेक, पूर्ण भरली तर साडेसात हजारांवर प्रवासी, वॉटरपार्क, बर्फावरचे शो, काय म्हणाल ते. ऑफिसातले सगळे म्हणतायत जुन्या बोटीवर पैसे कशाला घालवतोस, मुलं कंटाळतील. मुलगी तेरा वर्षांची आहे, मुलगा आठचा, आणि तो आत्तापासूनच यूट्यूबवर त्या घसरगुंड्या बघतोय.

मला मनातून छोटी बोट बरी वाटतेय पण शंका बऱ्याच आहेत. एवढी जुनी बोट सुरक्षित असते का? छोटी म्हणजे जास्त हलते का, कारण आईला बोट लागते, साधी घारापुरीची लाँचसुद्धा लागते. तिचे गुडघे दुखतात, चालते पण सावकाश. आणि ती पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. ज्यांनी दोन्ही प्रकार केलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा.


सुमेधा_न्यूजर्सी:

छोटीच घ्या. आम्ही सासू-सासऱ्यांना दोन्हीवर नेलंय म्हणून सांगते.

मोठ्या बोटीवर सगळं छान होतं, नावं ठेवायला जागा नाही, पण सासूबाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या की अगं समुद्र कुठे आहे? आणि खरंच, तिथे माणसाचं सगळं लक्ष आत वळवलेलं असतं. मधोमध दुकानं, हॉटेलं, बाग, वर स्विमिंग पूल आणि त्याच्या कडेने घसरगुंड्या, म्हणजे तुम्ही दिवसभर मॉलमध्ये फिरताय आणि मॉल कुठेतरी चाललाय इतकंच. कठडा शोधत जावं लागतं. आणि एक नीट वाचून ठेवा, बुकिंग करताना बाल्कनीची केबिन स्वस्तात दिसली तर लगेच उडी मारू नका, ओअ‍ॅसिस (त्याच कंपनीच्या आधीच्या अवाढव्य बोटी) आणि आयकॉन जातीच्या बोटींवर आतल्या बाजूच्या बाल्कन्या असतात, मधल्या सेंट्रल पार्ककडे तोंड करून. खरी झाडं आहेत तिथे, संध्याकाळी सुंदर दिसतं, पण देवगडच्या माणसाला झाडं बघायला बोटीवर नेऊ नका हो.

दुसरं म्हणजे चालणं. आयकॉन ३६५ मीटर लांब आहे. केबिन एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला आलं की तुमच्या आईंच्या गुडघ्यांना दिवसातून तीन वेळा तेवढं चालणं पडणार. त्यात शोची जागा आधी ॲपवर धरायची, लिफ्टसाठी थांबायचं, उतरायच्या दिवशी सगळे एकदम निघतात. मुलांना हे काही वाटत नाही, म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून करायची म्हणजे संकोच होतो आणि मग ती केबिनमध्येच बसून राहतात. आमच्याकडे सासरे तसे बसले.

जुन्या बोटीवर तेच सासरे दुसऱ्या दिवसापासून एकटे फिरायला लागले. सकाळी उठून चहाचा कप घेऊन पाचव्या डेकवर कठड्याला टेकून उभे राहायचे. पाणी तिथून फार खाली नसतं. उडणारे मासे दिसायचे, पिवळसर शेवाळाचे तरंगते पुंजके दिसायचे (तो सगळा भाग सार्गासो समुद्राचा, ते सार्गासम), आणि तिथे कठडे पुसणारा एक गोव्याचा मुलगा होता त्याच्याशी ह्यांच्या मालवणी-कोकणीत गप्पा. शेवटच्या दिवशी त्या मुलाने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, मला अजून ते आठवलं की बरं वाटतं.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. बुक केल्यावर लगेच कळवून ठेवा की भारतीय शाकाहारी, अंडं नको, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला प्रत्यक्ष भेटा. बहुतेक वेळा कुणीतरी आपल्याकडचं निघतंच. आम्हाला रोज संध्याकाळी विचारून उद्यासाठी डाळ, भाजी, भात करून द्यायचे, दही मागितलं की हजर.


ऑर्लँडोवासी:

मी उलट बाजूने लिहितो, कारण तुमच्या घरात तेरा वर्षांची मुलगी आहे हे कुणीच लक्षात घेत नाहीये.

त्या वयाच्या मुलांना आई-बापाबरोबर कठड्याला टेकून समुद्र बघायचा नसतो. त्यांना त्यांच्या वयाची मुलं लागतात. मोठ्या बोटीवर टीन क्लबमध्ये पहिल्याच रात्री ओळखी होतात आणि मग ती तुम्हाला जेवायलाच भेटते, तीही खूश तुम्हीही खूश. छोट्या बोटीवर शाळा चालू असताना गेलात तर तिच्या वयाची मोजकीच पोरं असतात. सुट्टीतलीच तारीख घ्या, हे तरी ऐका माझं. व्हिजनवर चढाईची भिंत आहे, पूल आहे, पण लाटांवर सर्फिंग करायची सोय, वॉटरपार्क वगैरे काही नाही, ते मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे चढल्यावर भोकाड नको.

आणि जुन्या बोटींचे त्रास पण असतात. आम्ही एका जुन्या बोटीवर होतो, नाव घेत नाही, आमच्या केबिनचा एसी रात्रभर टपटपायचा, खाली टॉवेल अंथरून झोपलो. अख्ख्या खोलीत प्लग मोजून दोन, ते पण आरशाशेजारी, चार माणसांचे फोन, टॅब, माझं रात्री झोपताना लावायचं सीपॅप मशीन, आणि सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेंशन वायर चढताना काढून ठेवतात कारण आगीचा धोका. बाथरूम एवढंसं की अंगाला पडदा चिकटतो. नवीन बोटीवर हे सगळं विचार करून केलेलं असतं, लिफ्ट भरपूर, व्हीलचेअरच्या केबिन जास्त, पलंगाशेजारी यूएसबी. बोट हलायचं म्हणाल तर आईंना जे सोसवणार नाही ते मोठ्या बोटीवर नक्कीच कमी जाणवतं. आणि समुद्राकडची बाल्कनी मोठ्या बोटीवरही मिळते, पैसे जास्त पडतात एवढंच. बाबा तिथे खुर्ची टाकून बसतील की.


खलाशी_वेंगुर्ला:

मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला होतो, त्यातली बरीच वर्षं पॅसेंजर बोटींवर, त्यामुळे सुरक्षेचं आणि हलण्याचं मी सांगतो.

बोटीचं वय ऐकून घाबरू नका. पॅसेंजर बोटीचं सेफ्टी सर्टिफिकेट दर वर्षी नव्याने मिळवावं लागतं, बोट १९९८ ची असो नाहीतर काल पाण्यात उतरलेली असो. पाच वर्षांत साधारण दोनदा ड्राय डॉकमध्ये (पाणी काढलेल्या गोदीत) घेऊन तळाची तपासणी होते, आणि तेव्हा इंजिनापासून गालिच्यापर्यंत बरंच काही बदललं जातं. अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीवर कोस्ट गार्ड वेगळा येतो. खरोखर जुन्या, म्हणजे १९८० च्या आधीच्या ज्या बोटी होत्या, आतून लाकूडकाम वगैरे असलेल्या, त्यांच्यासाठी २०१० पासून जळाऊ सामान काढून टाकायचा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला आणि तो खर्च परवडेना म्हणून त्यातल्या बऱ्याच तेव्हाच भंगारात गेल्या. व्हिजन त्यातली नाही. आणि उलट उदाहरण बघायचं तर इटलीजवळ २०१२ ला बुडालेली कोस्टा कॉन्कॉर्डिया जेमतेम सहा वर्षांची होती, ती बोटीच्या वयामुळे नाही तर खडकाच्या फार जवळून नेल्यामुळे गेली.

स्वच्छतेबद्दल एक काम करा. अमेरिकेची सीडीसी (सार्वजनिक आरोग्य बघणारी सरकारी संस्था) आहे ना, ती न सांगता बोटीवर येऊन तपासणी करते, शंभरपैकी मार्क देते, ८६ च्या खाली आले तर नापास. किचनच्या फ्रीजचं तापमान, पाण्यातलं क्लोरीन, भांडी धुण्याचं मशीन, सगळं बघतात. ते मार्क आणि पूर्ण अहवाल नेटवर कुणालाही वाचता येतात. तुमच्या बोटीचे मागचे तीन-चार अहवाल काढा आणि वाचा. जुनी बोट नीट ठेवलीय का हे जाहिरातीपेक्षा त्यात जास्त कळतं. मला विचाराल तर बोट निवडायची खरी जागा तीच.

आता हलण्याचं. ऑर्लँडोवासी म्हणतायत ते बरोबर आहे, मोठी बोट कमी हलते. पण दोन प्रकारचं हलणं असतं. एक डावी-उजवीकडे झुकणं, त्यासाठी बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी माशासारखे पंख असतात, स्टॅबिलायझर, ते व्हिजनसारख्या बोटींनाही असतात आणि ते बरंच काम करतात. दुसरं पुढचं टोक वर-खाली होणं, त्याला पंखांचा उपयोग नाही, तिथे बोटीची लांबी कामाला येते. व्हिजन २७९ मीटर आहे, ती काही होडी नव्हे. आईंसाठी केबिन बोटीच्या बरोब्बर मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे सगळ्यात कमी जाणवतं. लोक उलट करतात, वरच्या डेकची पुढच्या टोकाची केबिन जास्त पैसे देऊन घेतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात.

तुमच्या वाटेचं सांगायचं तर पहिली रात्र चेसापीक उपसागरातच जाते, तिथे पाणी शांत. त्यामुळे आईंना बोटीची सवय व्हायला एक रात्र आयती मिळते, हा बाल्टिमोरचा मोठा फायदा आहे. खुल्या समुद्रात गेल्यावर गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला जोरदार प्रवाह ओलांडावा लागतो, तिथे वारा प्रवाहाच्या उलटा असला तर थोडं उसळतं. चक्रीवादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, त्यातला जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. जूनमधली तारीख मिळाली तर डोळे झाकून घ्या, मुलांची सुट्टीही लागलेली असते.

बाल्टिमोरहून छोट्याच बोटी का सुटतात हेही बाबांना सांगा, त्यांना आवडेल. वाटेत चेसापीक बे ब्रिज आहे, पाण्यापासून उंची सुमारे १८६ फूट. आणखी एक फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज होता, तो मार्च २०२४ मध्ये मालवाहू बोटीची धडक बसून पडला हे तुम्ही तिथलेच म्हणजे तुम्हाला माहितीय. त्या उंचीखालून ओअ‍ॅसिस जातीची बोट जाऊच शकत नाही. फ्लोरिडातल्या टॅम्पाचंही तसंच, सनशाइन स्कायवे पुलामुळे. ओअ‍ॅसिस फिनलंडहून निघाली तेव्हा डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल ६५ मीटर उंच असूनही तिची धुराडी आत ओढून घ्यावी लागली होती, तशी सोय करूनच बांधलीय ती. म्हणजे काही बंदरं अशी आहेत की तिथे जुन्या बोटी नसत्या तर क्रूझ फार कमी उरल्या असत्या.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मोठी बोट म्हणजे माणसामागे जागा कमी असं नसतं. बोटीचं ग्रॉस टनेज हे वजन नाही, आतल्या जागेचं माप आहे. आयकॉन २,४८,६६३, एका केबिनला दोन माणसं धरून ५,६१० प्रवासी, भागाकार येतो ४४ च्या आसपास. तीस हजार टनाच्या ज्या छोट्या आर क्लास बोटी आहेत त्या मुळात ६८४ प्रवाशांच्या, तिथेही भागाकार ४४ च. व्हिजनचा तर ४० च्या जरा खालीच. तेव्हा छोट्या बोटीवर मोकळं वाटतं ते जागा जास्त म्हणून नाही. एका धक्क्यावर एका वेळी किती माणसं उतरतात, एका लिफ्टसमोर किती थांबतात, त्या आकड्याचा तो फरक आहे.

आणि बर्म्युडाला तुम्ही जिथे उतरणार त्या डॉकयार्डलाच मोठ्या बोटीही लागतात, तिथे छोटीचा वेगळा फायदा काही नाही. फायदा घराजवळून सुटण्याचा आणि बोटीवरच्या सुटसुटीतपणाचा.


ठाण्याची_मुक्ता:

खलाशी काका, किती छान समजावलंत, सेव्ह करून ठेवतेय.

देवगडकर, मी अमेरिकेचं काही सांगू शकणार नाही, पण मुंबईहून जी कॉर्डेलियाची एम्प्रेस सुटते तिच्यावर आई-बाबांना घेऊन गेले होते, ती व्हिजनपेक्षाही जुनी आणि छोटी. गोव्यापर्यंतचा अख्खा किनारा रात्री दिव्यांत बघितला. नंतर मी तिच्याबद्दल वाचत बसले कारण मला कळेना एवढी देखणी बोट आपल्याकडे आली कुठून. १९९० साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेली, मूळ नाव नॉर्डिक एम्प्रेस, मायामीहून बहामाच्या छोट्या ट्रिपांसाठी. मग स्पेनच्या कंपनीकडे गेली, परत अमेरिकेला आली, आणि २०१७ ला हवानाला प्रवासी नेण्यासाठी तिलाच पाठवलं कारण त्या बंदरात मोठ्या बोटींची सोय नव्हती. २०१९ ला अमेरिकन सरकारने ते बंद केलं आणि २०२१ पासून ती मुंबईत. म्हणजे तुमची व्हिजन आणि आमची एम्प्रेस एकाच यार्डातल्या, एकाच कंपनीच्या दोघी बहिणीच की. बोटीच्या मधोमध बरेच मजले उंच चौक आहे, त्यात जिना आणि काचेची लिफ्ट, संध्याकाळी माणसं तिथे जमतात, कुठूनही कुठे गेलात तरी त्या चौकातून जावं लागतं त्यामुळे बाबा हरवले असं एकदाही झालं नाही. व्हिजनवरही तसा चौक आहे असं फोटोत दिसतं.

एक गोष्ट मात्र आईंसाठी नीट लक्षात ठेवा. जुन्या बोटीवर उंबरठे असतात. केबिनमधून बाथरूममध्ये जाताना चांगला वीतभर उंच लोखंडी उंबरठा, आणि डेकवर जायच्या दारालाही. पाणी आत येऊ नये म्हणून असतो तो. रात्री अंधारात उठल्यावर पाय अडखळतोच. मी पहिल्याच दिवशी बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिलं ठेवायला लागले आणि आईला सांगितलं की आधी उजव्या हाताने दाराचा कडेचा दांडा धरायचा आणि मगच पाय उचलायचा. बॅटरीवरचा छोटा दिवा घेऊन जा, तो उंबरठ्याजवळ ठेवून द्या. व्हीलचेअरवाल्या केबिनमध्ये उंबरठा नसतो, पण त्या थोड्याच असतात आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना मिळू द्याव्यात.


देवगडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सीडीसीचे अहवाल काल रात्री वाचत बसलो, बायको पण बसली, एका जागी आइस मशीनच्या मागे काय होतं आणि ते लगेच दुरुस्त केलं इतकं बारीक लिहिलेलं असतं. वाचून उलट धीर आला.

ऑर्लँडोवासी, मुलीचं तुम्ही बोललात ते पटलं, तिला बसवून विचारलं. तिने सांगितलं की तिची मैत्रीण बरोबर येणार असेल तर कुठलीही बोट चालेल. मैत्रिणीचे आई-वडील गुजराती आहेत, आमच्या दोन घरं सोडून राहतात, त्यांना विचारलं तर ते चौघेही यायला तयार झालेत. फ्लोरिडाच्या विमानाची दहा तिकिटं काढायची म्हटलं असतं तर नसते आले.

आता प्रश्न असे. आई-बाबांना बाल्कनी घ्यावी की खिडकी? आणि व्हिसाचं काय बघायचं, आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर, आम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर).


सुमेधा_न्यूजर्सी:

खिडकी घ्या आणि वाचलेल्या पैशात त्यांच्या केबिनला लागून तुमची केबिन घ्या, मधलं दार उघडणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. व्हिजनवर बाल्कन्या तशाही कमी आणि वरच्या डेकवर, म्हणजे काकांनी सांगितलेलं खाली-मध्ये हे जमणार नाही. बाबांना बाल्कनी लागणार नाही, ते डेकवरच असतील बघा.

बोट लागण्यासाठी आपलं अ‍ॅव्होमिन चालतं पण वयस्कर माणसांना त्याने गुंगी येते, तोल जातो, आणि वर मुक्ताने सांगितलेले उंबरठे, तेव्हा डॉक्टरला विचारून काय ते ठरवा. आलेपाकाच्या वड्या येतानाच मागवून घ्या. सासूबाई दोन तासांनी एक तोंडात धरायच्या आणि बोटीच्या मध्यावर बसून लांब क्षितिजाकडे बघायच्या, त्याने खूप फरक पडला. बोटीवर हिरवी सफरचंदं मागितली की देतात, ती पण चालतात.


ऑर्लँडोवासी:

व्हिसाचं गंभीरपणे घ्या. तुमच्या पासपोर्टवरचा एच-वनचा स्टॅम्प चालू आहे ना ते आज बघा. स्टॅम्प संपला असेल आणि फक्त आय-७९७ वर (व्हिसा मुदतवाढीच्या मंजुरीच्या कागदावर) राहत असाल तर बर्म्युडाला जाऊ नका. तो जो जुन्या स्टॅम्पवर परत येऊ देण्याचा नियम आहे तो एच-वनवाल्यांना कॅनडा आणि मेक्सिकोपुरता आहे, बर्म्युडा-बहामाला नाही. आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का बघा, आणि भारतीय पासपोर्टवर बर्म्युडात उतरायला काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवर सांगितलेलं धरू नका. पुढे प्रश्न आला तर दाखवायला कागद लागतो.

अजून एक. आई-बाबांचा इन्शुरन्स घेताना बोटीवरचा दवाखाना आणि बोटीवरून हलवायची वेळ आली तर तो खर्च त्यात धरलाय का हे विचारा. बोटीवर डॉक्टर असतो, चांगला असतो, पण बिल थेट तुमच्या खात्यावर लागतं आणि मग तुम्ही क्लेम करत बसायचं. रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा चढताना घेतात त्या संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येत नाहीत.

माझं मत अजून मोठ्या बोटीचंच आहे पण मैत्रीण येतेय म्हटल्यावर तुमचं काम झालं.


कोथरूडकर:

आम्ही दोघं निवृत्त, मुलगा सिअ‍ॅटलला, म्हणून हा धागा मन लावून वाचला. बाल्टिमोरनंतर आई-बाबा पुन्हा आले तर अलास्काला न्या, आणि तिथेही जुनी बोटच घ्या. आम्ही हॉलंड अमेरिकाच्या फोलेंडमवर गेलो, १९९९ ची, चौदाशेच्या वर प्रवासी. तिच्या खालच्या डेकला सागवानी लाकडाचा पट्टा बोटीभोवती पूर्ण फिरतो, पुढून मागून गोल, त्यावर आराम खुर्च्या. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ बोटी सोडतात. पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. थंडीत डेकवर वाटाण्याचं गरम सूप वाटतात, डच पद्धतीचं, घट्ट, त्यात मांस असतं तेव्हा आधी विचारा, आमच्यासाठी वेगळं आणून दिलं. बर्फाचा कडा तुटताना आधी दिसतं आणि आवाज नंतर येतो. त्या वेळी बोटीवर एक माणूस बोलत नव्हता.

खलाशींनी ज्या आर क्लासचा उल्लेख केला त्याबद्दल थोडं. रेनेसान्स नावाच्या कंपनीने १९९८ ते २००१ मध्ये अशा आठ बोटी बांधल्या आणि २००१ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीच बुडाली. बोटी मात्र इतक्या बेतशीर होत्या की सगळ्यांनी उचलल्या, आज अझामारा आणि ओशनिया या दोन कंपन्यांकडे त्या आहेत. १८१ मीटर लांब. स्पेनमधल्या ग्वादल्किविर नदीतून थेट सेव्हिलपर्यंत जातात, शहरात उतरून चालत कॅथेड्रल. मोठी बोट काडिझला थांबवतात आणि तिथून बसने नेतात. व्हेनिसने २०२१ च्या ऑगस्टपासून २५ हजार टनांवरच्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब बोटींना शहरातल्या कालव्यातून बंदी केली, त्यात मात्र या आठही थोडक्यात अडकल्या. भाडं स्वस्त नाही, हे खरं. पण ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटासारख्या ठिकाणी, जिथे बोट बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, तिथे सहाशे माणसं उतरायला किती वेळ आणि पाच हजार उतरायला किती, हिशोब करा. देवगडच्या पडावातून बोट गाठलेल्या माणसाला ती होडी फार आवडेल असं मला वाटतं.


देवगडकर:

कोथरूडकर, बाबांना हा धागा फोनवर वाचून दाखवला. सांतोरिनीच्या होड्यांचं ऐकून त्यांनी लगेच विचारलं की ती धरतात कशी, दोर टाकून की हुकाने. अलास्का पुढच्या खेपेला नक्की.

जूनची तारीख मिळाली, बुक केलं. तिघांच्याही केबिन एका ओळीत, मधल्या भागात, आई-बाबांची आणि आमची मधलं दार उघडणारी. आमचे स्टॅम्प चालू आहेत, बर्म्युडाचं लेखी उत्तर मागवलंय. एक्स्टेंशनऐवजी साधा यूएसबीचा ठोकळा घेतला. मुलगा दोन दिवस रुसला होता, चढाईच्या भिंतीचा व्हिडिओ दाखवल्यावर आता त्याला ती किती फूट उंच आहे ते हवंय.

खलाशी काका, शेवटचं एक. तो बे ब्रिज नेमका कधी येतो आणि बाबांना कुठे उभं करू?


खलाशी_वेंगुर्ला:

बोट चारच्या सुमारास सुटली तर दीड-दोन तासांत, म्हणजे साडेपाच-सहाच्या आसपास पूल येतो. जूनमध्ये लख्ख उजेड असतो. सगळ्यात वरच्या उघड्या डेकवर, पुढच्या बाजूला, डाव्या कठड्याशी उभे राहा, दोन्ही पूल शेजारी शेजारी आहेत ते एकामागून एक डोक्यावरून जातात. सुटायला उशीर झाला तर त्या हिशोबाने पुढे धरा. वर वारा असतो, बाबांना कानटोपी आणि आईंना शाल द्या.

आणि जेवणाची पहिली पाळी घेतली असेल तर त्या दिवसापुरती बदलून घ्या. ती साधारण त्याच वेळेला असते. हेड वेटरला आईंच्या जेवणाचं सांगायला जाल तेव्हाच हेही सांगून टाका, तुम्ही दहा जण आहात, त्यांना टेबल लावायला आधी कळलेलं बरं असतं.